‘नाही’ म्हणणाऱ्यांचा मुलूख

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी मिल्ड्युरा नावाचे टुमदार शहर आहे. द्राक्षे, संत्री आणि मनुका यांसाठी प्रसिद्ध. नाशिककडचा किंवा तासगावचा बागायतदार इथे आला, तर वेलींच्या रांगा पाहून त्याला घरच्यासारखेच वाटेल. नदीवरचा पूल ओलांडला की व्हिक्टोरिया राज्य संपून न्यू साउथ वेल्स सुरू होते आणि थोड्याच अंतरावर एक छोटे गाव आहे. गावाचे नाव ‘गोल गोल’!

मराठी माणसाला ही पाटी वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. आपल्याआधी कुणी मराठी माणूस इथे येऊन नाव ठेवून गेला की काय, असेही क्षणभर मनात येईल. अर्थात तसे काही नाही. आपल्या ‘गोल’शी या नावाचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. पण गंमत अशी की, अशाच साम्यांवरून गेली दीडशे वर्षे मोठमोठ्या विद्वानांनी ऑस्ट्रेलियाचे आदिवासी आणि भारतातील माणसे यांचे नाते जुळवण्याचा खटाटोप केला आहे. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी परीक्षेसाठी ‘प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड’ हा शब्द पाठ केलेला असेल. भिल्ल, गोंड, संथाळ अशा जमातींसाठी तो पुस्तकांतून वापरला जाई. जणू ही मंडळी तिकडून इकडे आली, किंवा इकडून तिकडे गेली!

यातले खरे किती आणि खोटे किती, हे समजून घ्यायचे तर मिल्ड्युरापासून शंभरेक किलोमीटर आत, मंगो सरोवरापर्यंत जायला हवे.

पाणी नसलेले सरोवर

बागा मागे पडतात. मग लाल माती, खुरटी झुडपे, मधूनच उड्या मारत जाणारे कांगारू आणि लांब मानेचे एमू पक्षी. पाऊस झाला की मातीचे रस्ते बंदच होतात. हे सारे पार करून ‘सरोवरा’वर पोहोचावे, तर तिथे पाण्याचा थेंब नाही! मंगो सरोवर पंधरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आटले. आता आहे ते सपाट, झुडपांनी भरलेले मैदान आणि त्याच्या पूर्वेच्या कडेला चंद्रकोरीसारखी वळलेली, तीसेक किलोमीटर लांबीची वाळू-मातीची टेकडी. वारा आणि पाऊस यांनी तिला कोरून तिचे बुरूज, सुळके, घळ्या केल्या आहेत. संध्याकाळच्या उन्हात ती आधी पिवळी, मग गुलाबी, मग तांबूस होत जाते. तिला ‘चीनच्या भिंती’ म्हणतात. इथल्या मेंढवाड्यांवर पूर्वी चिनी मजूर कामाला होते, त्यांच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. ‘मंगो’ हे नावही इथले नव्हे. स्कॉटलंडमधल्या एका संताचे ते नाव, गोऱ्या मेंढपाळांनी आणलेले.

१९६८ मध्ये जिम बोलर हे भूगर्भशास्त्रज्ञ या टेकडीचे थर तपासत हिंडत होते. झिजलेल्या मातीतून वर आलेली जळकी हाडे त्यांना दिसली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी ती काळजीपूर्वक काढली. ती एका स्त्रीची होती. तिचे दहन झाले होते, हाडे फोडून पुन्हा जाळली होती आणि मग पुरली होती. जगात माहीत असलेल्या सर्वांत जुन्या दहनसंस्कारांपैकी हा एक. १९७४ मध्ये तिच्यापासून जवळच एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचे हात नीट जुळवून ठेवलेले होते आणि अंगावर गेरू शिंपडलेला होता. हा गेरू आसपास मिळत नाही, तो लांबून आणलेला. दोघांचेही वय सुमारे ४२ हजार वर्षे! आपण मोहेंजोदडोच्या प्राचीनतेचा अभिमान बाळगतो, ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. १९८१ मध्ये हा सारा विलांड्रा सरोवरांचा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला.

तीन जमाती, तीन नावे

या भूमीशी परंपरेने तीन आदिवासी जमातींचे नाते आहे. पाकांजी, मुथी मुथी आणि ङियाम्पा. नावे ऐकायला सारखीच अपरिचित. पण त्यांचे अर्थ पाहू लागलो की एकेक नाव वेगळीच गोष्ट सांगू लागते.

‘पाका’ म्हणजे डार्लिंग नदी. पाकांजी म्हणजे नदीकाठचे, नदीचे लोक. हे समजायला सोपे. आपल्याकडे कोकणचा तो कोकणी, देशावरचा तो देशस्थ, तसेच. ‘ङियाम्पा’ या नावात ‘बोलणे’ असा अर्थ दडलेला आहे. म्हणजे आमची भाषा बोलणारे ते आम्ही. आणि मुथी मुथी? ‘मुथी’ म्हणजे ‘नाही’. मुथी मुथी म्हणजे ‘नाही नाही’!

एखाद्या जमातीचे नाव ‘नाही नाही’ कसे असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण मरे आणि डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यांत असे एकच उदाहरण नाही, तर नावांची रांगच्या रांग आहे. वेम्बा वेम्बा म्हणजे ‘नाही नाही’. योर्टा योर्टा म्हणजेही ‘नाही नाही’. नारी नारी म्हणजे आपल्याला वाटतील तशा स्त्रिया नव्हेत, तिथेही ‘नाही नाही’च. ङियाम्पांच्या एका शाखेचे नाव वाङायपुवान, म्हणजे ‘वाङाय’ म्हणणारे, आणि ‘वाङाय’ म्हणजे ‘नाही’. पूर्वेकडे विराजुरी आणि कमिलरॉय ही मोठी राष्ट्रे. ‘विराय’ म्हणजे नाही, ‘कमिल’ म्हणजेही नाही. पुढचा प्रत्यय ‘असलेला’ या अर्थाचा. मराठीत सरळ सांगायचे तर ‘विराय’वाले आणि ‘कमिल’वाले. मेलबर्न शहर ज्यांच्या भूमीवर उभे आहे, त्यांची भाषा वोइवुरुंग. ‘वोइ’ म्हणजे नाही, ‘वुरुंग’ म्हणजे तोंड, बोली. मेलबर्नमध्ये आज कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. आपण ‘नाही-बोली’च्या गावात राहतो, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

याचे कारण शेजारपणात आहे. या जमाती एकमेकींच्या भाषा जाणत. मुली एका गटातून दुसऱ्या गटात दिल्या जात, त्यामुळे घरोघरी दोन-तीन भाषा चालत. पुष्कळ शब्द सामाईक होते. मग ओळखायचे कशावरून? तर रोजच्या बोलण्यात हमखास येणाऱ्या आणि तरीही प्रत्येकाच्या वेगळ्या असलेल्या शब्दावरून. ‘करून राहिलो’ ऐकले की पुणेकर ओळखतो, पाहुणा नागपूरकडचा आहे. त्यातलाच हा प्रकार. फ्रान्समध्येही दक्षिणेकडचे लोक ‘हो’साठी ‘ऑक’ म्हणत, म्हणून त्या प्रांताचे नाव लांगदॉक पडले. युरोपात ‘हो’वरून, ऑस्ट्रेलियात ‘नाही’वरून, एवढाच फरक! मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात तर याहून गमतीची नावे आहेत. पिचंचाचारा म्हणजे ‘येणे-जाणे’ या अर्थाचा शब्द ‘पिचंचा’ असा बोलणारे आणि यांकुन्यचाचारा म्हणजे त्याच अर्थाचा शब्द ‘यांकुन्यचा’ असा बोलणारे.

असे नाव माणूस स्वतःला सहसा ठेवत नाही. ते शेजाऱ्याच्या तोंडी जन्मते. एकटी जमात एका बेटावर राहिली असती, तर तिला ‘नाही’वाले म्हणायला कोण होते? घरातल्या घरात माणसे स्वतःला नुसते ‘माणसे’ म्हणतात. उत्तरेकडचे योल्ङू, वाळवंटातले अनाङू, व्हिक्टोरियातले कुलिन, या साऱ्यांचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. आपल्या मेळघाटातल्या कोरकूंचे तसेच आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कोरकू’ म्हणजे माणसे.

नावाचे वय आणि माणसाचे वय

मग या नावांवरून प्राचीन स्थलांतर कळते का? इथे थोडे सावध व्हावे लागते. मंगोची स्त्री ४२ हजार वर्षांपूर्वीची. ती कोणती भाषा बोलत होती हे कळायला मार्ग नाही. भाषा फार लवकर बदलतात. शब्दांची तुलना करून मागे मागे जाता येते ते सहा हजार, फार तर दहा हजार वर्षांपर्यंत. त्यापलीकडे काळोख.

ऑस्ट्रेलियाच्या सुमारे सात-अष्टमांश भागावर एकाच भाषाकुळाचा पसारा आहे. त्याला पामा-न्यूंगन म्हणतात. केनेथ हेल या भाषाशास्त्रज्ञाने हे नाव दिले. ईशान्य टोकाला माणसाला ‘पामा’ म्हणतात आणि नैर्ऋत्य टोकाला ‘न्यूंगा’. दोन टोकांचे दोन शब्द घेऊन त्याने साऱ्या कुळाचे नाव बनवले. काश्मीर ते कन्याकुमारी या अंतरापेक्षाही ही दोन टोके एकमेकांपासून दूर आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे कुळ सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या कार्पेंटारिया आखाताजवळ उगम पावून पसरत गेले. भाषेबरोबर माणसे किती सरकली आणि सोयरिकीतून, सणसोहळ्यांतून नुसती भाषाच किती सरकली, यावर अजून वाद आहे. विराजुरी, कमिलरॉय, ङियाम्पा या भाषा एका शाखेतल्या मानतात. त्यांचे व्याकरण एकमेकींशी जुळते, पण ‘नाही’ मात्र प्रत्येकीचे निराळे. एका घरातून फुटून शेजारी शेजारी संसार मांडलेल्या भावांसारखी ही गोष्ट दिसते. नाव सांगते ते एवढेच, आणि तेही काही कमी नाही.

विद्वानांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. तमिळ भाषेचे अभ्यासक रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ च्या आपल्या प्रसिद्ध व्याकरणात द्राविडी आणि ऑस्ट्रेलियन सर्वनामांची तुलना केली. तमिळमध्ये मी म्हणजे ‘नान’, तू म्हणजे ‘नी’. ऑस्ट्रेलियातल्या अनेक भाषांत मी म्हणजे ‘ङाय’, तू म्हणजे ‘ङिन’. १८७० मध्ये थॉमस हक्सले यांनी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींबरोबर दख्खनच्या डोंगरी लोकांनाही एकाच ‘ऑस्ट्रेलॉइड’ गटात बसवले. पुढे १९३१ च्या जनगणनेच्या निमित्ताने बी. एस. गुहा यांनी ‘प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड’ हे नाव रूढ केले आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसले. यातला सारा आधार चेहरेपट्टी, कवटीची मापे आणि काही शब्द यांचा.

साम्ये मोहात पाडणारी आहेत हे खरे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक भाषांत आपले ट, ण आहेत, कितीतरी भाषांत मराठी माणसाचा लाडका ‘ळ’सुद्धा आहे! पण त्यांच्यात ‘स’ नाही, ‘ह’ नाही. आणि भाषाशास्त्रज्ञांनी नीट तपासल्यावर द्राविडी भाषांशी त्यांचे नाते काही सिद्ध झाले नाही. चारदोन सर्वनामे जुळली म्हणून सोयरीक ठरत नाही. कोरकू, संथाळी ज्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या, त्या कुळाचा तरी ऑस्ट्रेलियाशी संबंध असेल असे अनेकांना वाटते. तोही नाही. त्या नावातला ‘ऑस्ट्रो’ म्हणजे फक्त दक्षिणेकडचा.

रक्ताच्या तपासणीने नाते दाखवले, पण ते फार जुने. २००९ मध्ये भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण या सरकारी संस्थेच्या संशोधकांना आपल्याकडच्या काही आदिवासींत आईकडून येणाऱ्या वारशाची अशी एक शाखा आढळली, जिचे मूळ ऑस्ट्रेलियातही सापडते. दोन्हींची फारकत सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीची. आफ्रिकेतून निघालेले मानवाचे गट भारताच्या वाटेने पुढे गेले, त्या काळची ही खूण. २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी आणखी एक दावा केला की, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीही भारतातून काही लोक ऑस्ट्रेलियात पोहोचले असावेत आणि डिंगो हा रानकुत्राही त्याच सुमारास तिथे आला. वर्तमानपत्रांत त्याचा बराच गाजावाजा झाला. मात्र २०१६ च्या अधिक सखोल तपासण्यांत या दुसऱ्या फेरीला आधार मिळाला नाही.

शब्दांतून प्रवासाची खरीखुरी खूण मिळते ती अगदी उत्तरेला, आर्न्हेम लँडच्या किनाऱ्यावर. आजच्या इंडोनेशियातल्या मकासरहून शिडाची जहाजे दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर इथे येत, समुद्रकाकडी नावाचा जीव गोळा करीत आणि वाळवून चीनला विकत. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने हा व्यापार बंद पाडला. जहाजे गेली, शब्द राहिले. योल्ङू लोक गोऱ्या माणसाला आजही ‘बलंदा’ म्हणतात. तो ‘हॉलंडर’चा, म्हणजे डच माणसाचा अपभ्रंश, मकासरच्या खलाशांनी आणलेला. आणि पैशाला त्यांचा शब्द आहे ‘रुपिया’! भारतातून इंडोनेशियात आणि तिथून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर असा आपल्या रुपयाचा प्रवास. त्यासाठी एकाही भारतीयाला ऑस्ट्रेलियात उतरावे लागले नाही.

नकाशा आणि केसांच्या बटा

ऑस्ट्रेलियातील जमातींची नावे आयुष्यभर गोळा करणारा माणूस म्हणजे नॉर्मन टिंडेल. ॲडलेडच्या संग्रहालयात तो नोकरीला होता. विशीत असताना उत्तरेच्या एका बेटावर काम करताना तिथल्या एका आदिवासीने त्याला शिकवले की, प्रत्येक जमातीची भूमी ठरलेली असते आणि तिला हद्दी असतात. टिंडेलने त्या हद्दी नकाशावर काढल्या, पण आदिवासी भटके, त्यांना कसल्या हद्दी, असे म्हणून त्या छापायला नकार मिळाला. तो हट्टाला पेटला. १९७४ मध्ये त्याचा संपूर्ण ग्रंथ आणि मोठा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात काही चुका आहेत, काही नावे शेजाऱ्यांनी ठेवलेली तशीच उतरली आहेत, पण कोऱ्या समजल्या गेलेल्या खंडावर शेकडो नावे एकत्र दिसली.

याच टिंडेलने अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ बर्डसेल यांच्यासोबत आणखी एक सिद्धांत मांडला होता. ऑस्ट्रेलियात तीन वेगवेगळे मानववंश लाटांसारखे एकामागून एक आले आणि आधीच्यांना हटवत गेले, असा. हा सिद्धांत आता कालबाह्य ठरला आहे. पण त्याची किंमत आदिवासींना मोजावी लागली. तेही एकमेकांना हुसकूनच आले होते, मग गोऱ्यांनी हुसकले तर काय बिघडले, असे म्हणायला ज्यांना हवे होते त्यांची त्याने सोय केली.

आणि दैवाचा खेळ पाहा. त्या दोघांनी आपल्या दौऱ्यांत आदिवासींच्या केसांच्या बटा गोळा केल्या होत्या आणि प्रत्येकाचे कूळ, गाव नोंदवले होते. त्या ॲडलेडच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या होत्या. वंशजांची संमती घेऊन त्यांपैकी १११ नमुने तपासले गेले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी माणसे उत्तरेकडून आली, पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांनी काही हजार वर्षांत खाली पसरली, दक्षिणेला भेटली आणि मग आपापल्या प्रदेशात राहिली. हजारो वर्षे तिथेच! तीन लाटांचा सिद्धांत टिंडेलच्याच पेटीतल्या केसांनी खोडून काढला.

हा सारा विषय केवळ पंडितांचा राहिला नाही, कारण तो कोर्टात गेला. १९९२ मध्ये माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच मान्य केले की, १७८८ मध्ये इंग्रज आले तेव्हा ही भूमी बेवारस नव्हती. तेव्हापासून ज्या जमातीला आपल्या जमिनीशी अखंड नाते सिद्ध करता येईल तिला हक्क मागता येतो. नावे, नकाशे, आजीने सांगितलेल्या गोष्टी, सारे पुरावे म्हणून मांडले जातात. योर्टा योर्टांनी १९९४ मध्ये दावा लावला. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यांच्या मते इतिहासाच्या ओघात जुने रीतिरिवाज सुटले होते, धागा तुटला होता. मिशनऱ्यांच्या वसाहतींत कोंडून ज्यांची भाषा बंद पाडली, त्यांनाच धागा का तुटला असे विचारण्यासारखे हे झाले! डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. पाकांजींचे नशीब बरे निघाले. १९९७ मध्ये लावलेला त्यांचा दावा तब्बल अठरा वर्षांनी, जून २०१५ मध्ये मान्य झाला. सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून मोठा प्रदेश.

मंगोच्या स्त्रीचे अवशेष १९९२ मध्ये तिन्ही जमातींच्या हाती परत देण्यात आले. पुरुषाचा सांगाडा नोव्हेंबर २०१७ मध्ये परत आला. पुढे काय करायचे यावर जमातींतच मतभेद झाले. काहींना ते निमूटपणे पुन्हा मातीत जावेत असे वाटत होते, काहींना एखाद्या स्मारकात जतन व्हावेत असे. २०२२ मध्ये विरोध चालू असतानाच ते पुरले गेले.

मंगोला जायचे असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ बरा. उन्हाळ्यात तापमान चाळिशी ओलांडते. पाणी आणि पेट्रोल बरोबर न्यावे, निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करावी. चीनच्या भिंतींवर एकट्याने चढायला बंदी आहे, वाटाड्याबरोबरच जावे लागते आणि हे वाटाडे बहुधा या तीन जमातींतलेच असतात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या चिखलात उमटलेली शेकडो पावले २००३ मध्ये इथे सापडली. मुथी मुथी समाजातल्या एका तरुणीच्या नजरेला ती प्रथम पडली. वाळवंटातून बोलावलेल्या पिंटुपी मागकाढ्यांनी ती वाचली तेव्हा त्यांना धावत सुटलेले पुरुष दिसले, मुलाबाळांचे कुटुंब दिसले आणि एकाच पायावर वेगाने उड्या मारत गेलेला एक माणूसही दिसला. मूळ पावले संरक्षणासाठी वाळूने पुन्हा झाकून ठेवली आहेत. पर्यटकांसाठी केलेली त्यांची प्रतिकृती माहिती केंद्राजवळ पाहता येते.